खिळे, गोगलगायी आणि आमची वेबसाइट

हा लेख ज्या माणसावर आहे तो १९६६ साली वारला. म्हणजे इंटरनेट वगैरे त्याच्या स्वप्नातही नव्हतं. तरीपण थर्ड इयरला आम्ही चौघांनी जी वेबसाइट केली, तिचं जे काही बरंवाईट झालं ते याच गृहस्थामुळे. म्हणून आधी वेबसाइटबद्दल थोडं, मग त्याच्याबद्दल भरपूर.

फर्स्ट इयरच्या पोरांचा इंजिनिअरिंग ड्रॉइंगमध्ये कसा बाजार उठतो हे हॉस्टेलवर कुणाला सांगायला नको. आम्ही ठरवलं, मिनी प्रोजेक्ट म्हणून प्रोजेक्शन शिकवणारी वेबसाइट करायची. ब्राउझरमध्ये गरगर फिरणारे थ्रीडी ठोकळे, मोबाइलचा कॅमेरा शीटवर धरला की ठोकळा टेबलावर उभा, आणि खाली क्विझ. दोन महिने रात्रीचा दिवस केला. रिव्ह्यूला ठोकळा फिरला तेव्हा टाळ्यासुद्धा पडल्या! गाईड मॅडमनी मात्र एवढंच विचारलं की, ही पानं कुणी लिहिली आणि वाचणाऱ्याला उलट काही सांगायचं असेल तर ते त्याने कुठे लिहायचं? आम्ही एकमेकांकडे बघत बसलो. मॅडमनी वहीचा कागद फाडून त्यावर एक नाव लिहून दिलं : सेलेस्तँ फ्रेने. मला वाटलं जावास्क्रिप्टची एखादी लायब्ररी असेल.

तर हा फ्रेने म्हणजे फ्रान्समधला एक साधा प्राथमिक शिक्षक. जन्म १५ ऑक्टोबर १८९६, दक्षिणेकडच्या डोंगरातल्या गार्स नावाच्या खेड्यात, शेतकऱ्याच्या घरी. लहानपणी मेंढ्या राखल्या. पुढे नीसच्या अध्यापक विद्यालयात शिकत असताना पहिलं महायुद्ध पेटलं आणि हा पोरगा खंदकात जाऊन पोचला. १९१७ मध्ये छातीत गोळी लागली, फुप्फुस जायबंदी झालं. त्यातून सावरत १९२० साली बार-सुर-लू या गावच्या दोन वर्गांच्या शाळेत तो लहान मुलांना शिकवायला रुजू झाला.

आता विचार करा. मास्तर आहे, पण दम लागतो म्हणून तासभर बोलता येत नाही. धुळीने भरलेल्या वर्गात ओरडून शिस्त लावणं तर दूरच. पुढे त्यानेच सांगून ठेवलंय की आवाज साथ देईना म्हणून त्याला दुसरी वाट शोधावी लागली. (आमच्याकडे काही सरांचा आवाज जरा कमी असता तर... असो.) तो मुलांना घेऊन गावात फिरायला निघायचा. शेतं बघायची, सुतार, लोहार, विणकर यांच्याकडे जाऊन उभं राहायचं. मुलं नुसती प्रश्न विचारत सुटायची. आणि वर्गात परत आलं की काय? पाठ्यपुस्तक उघडा, अमुक पान. त्या पानाचा बाहेर बघितलेल्या कशाशीच संबंध नसायचा, आणि मुलांचे चेहरे पडायचे.

वर्गातला एक मुलगा खिशातून किडेमकोडे घेऊन यायचा. एके दिवशी वर्गात गोगलगायींची शर्यत लागली. धडा राहिला बाजूला, सगळा वर्ग शर्यतीभोवती. फ्रेनेने मुलं सांगतील तशी ती हकिकत फळ्यावर लिहून घेतली आणि मुलांनी ती आवडीने वाचली. पण फळा संध्याकाळी पुसावा लागतो. फ्रेनेला ते खटकत राहिलं.

१९२४ मध्ये त्याने टेबलावर मावेल असा एक छोटा हातछापखाना विकत घेतला. छपाईचा शोध लागून तेव्हा शेकडो वर्षं झाली होती, आणि शाळेत छापखाना आणणारा फ्रेने काही पहिला नव्हे. पण सहा-सात वर्षांच्या पोरांच्या हातात शिशाचे खिळे देऊन, तुमचंच लिहिलेलं तुम्हीच छापा आणि तेच वाचायला घ्या, असं त्याने रोजच्या वेळापत्रकातच बसवलं.

हे काम कसं चालायचं ते मी मुद्दाम नीट वाचलं. एका मुलाने सांगितलेला मजकूर आधी फळ्यावर यायचा. मग सगळा वर्ग मिळून तो दुरुस्त करायचा, ज्याचा मजकूर त्याला विचारून. मग एकेका मुलाच्या वाट्याला एकेक ओळ. खिळ्यावर अक्षर उलटं असतं, आरशात दिसतं तसं. ते खणातून शोधून पट्टीत ओळीने बसवायचं. एक खिळा चुकला की छापलेल्या प्रत्येक कागदावर तीच चूक, आणि ती सगळ्या वर्गाला दिसणार! मग शाईचा रूळ फिरवायचा, कागद ठेवायचा, दाबायचा, वाळत घालायचा. स्पेलिंग पाठ करा म्हणून कुणाच्या मागे लागायची गरजच काय? चूक बोटांनी काढावी लागायची. आमचा कंपायलर निदान ओळीचा नंबर तरी सांगतो.

छापलेली पानं प्रत्येक मुलाच्या स्वतःच्या पुस्तकात जमा व्हायची. त्या पुस्तकाला ते जीवनपुस्तक म्हणत.

पुढची पायरी मला सगळ्यात आवडली. १९२६ मध्ये फ्रान्सच्या पार दुसऱ्या टोकाला, ब्रिटनीतल्या त्रेगँ गावच्या रने दानिएल नावाच्या शिक्षकानेही तसाच छापखाना घेतला, आणि दोन्ही वर्गांची पानं टपालाने इकडून तिकडे जायला लागली. डोंगरातली मुलं आणि अटलांटिकच्या काठावरची मुलं. आता आपण लिहिलेलं कुणीतरी खरंच वाचणार होतं आणि न कळलं तर उलट विचारणार होतं. हळूहळू आणखी शिक्षक सामील झाले, सहकारी संस्था उभी राहिली. त्याच वर्षी फ्रेनेचं लग्न झालं. बायको एलीझ स्वतः शिक्षिका आणि चित्रकार. मुलांच्या चित्रांकडे या चळवळीचं लक्ष वळवलं ते तिने.

सगळं गोडगोड चाललं असं समजू नका. १९२८ मध्ये तो सँ-पोल गावच्या शाळेत गेला. तिथे एका मुलाने आपलं स्वप्न लिहिलं. शाळेच्या सामानाला पैसे न देणाऱ्या मेयरविरुद्ध अख्ख्या वर्गाने बंड केलं, असं काहीतरी ते स्वप्न. वर्गाने ते छापलं. फ्रेने कम्युनिस्ट, त्यामुळे विरोधक टपलेलेच होते. डिसेंबर १९३२ मध्ये गावाच्या भिंतींवर त्याच्याविरुद्ध पोस्टर लागली, प्रकरण पॅरिसच्या वर्तमानपत्रांत गेलं, आणि एप्रिल १९३३ मध्ये शाळेच्या फाटकावर जमाव चालून आला. शेवटी त्याला सरकारी शाळा सोडावी लागली. मुलांच्या हातात छापखाना दिला की ती काय लिहितील यावर आपला ताबा राहत नाही. हे त्याला आधी कळलं नसेल? मला वाटतं कळलं असणार.

मग नवरा-बायकोने शेजारच्या व्हाँस गावाजवळ स्वतःची शाळा बांधली. ती १९३५ मध्ये सुरू झाली. स्पेनमध्ये यादवी युद्ध पेटलं तेव्हा तिकडची निर्वासित मुलं या शाळेत राहायला आली. १९४० मध्ये फ्रेनेला अटक झाली आणि दीड वर्षाच्या आसपास छावण्यांमध्ये काढावं लागलं. तब्येत आधीच तोळामासा. तिथेही तो लिहीत राहिला. सुटल्यावर पुढे नाझींविरुद्धच्या प्रतिकारातही उतरला.

तंत्रज्ञानाचं म्हणाल तर या माणसाला नव्या वस्तूचा भारी सोस. शाळेत सिनेमा आणला, नंतर टेपरेकॉर्डरही आला. गणितासाठी त्याने कार्डं केली, एकावर प्रश्न, दुसऱ्यावर उत्तर. मुलाने आपल्या गतीने सोडवायचं आणि स्वतःच तपासायचं. १९६० नंतर तर एक छोटी पेटी आली. तिच्यात कागदाची गुंडाळी. हाताने सरकवली की पुढची सूचना किंवा प्रश्न, आणखी सरकवली की उत्तर. आमची क्विझ म्हणजे हीच पेटी की! पण ही पेटी त्याच्यासाठी एक साधन होतं, सगळा वर्ग नव्हे. १९३२ पासून त्याच्या चळवळीने अभ्यासाच्या पुस्तिका काढल्या, पहिली गाडे आणि बग्ग्यांवर. या पुस्तिकांचा मजकूर पक्का करण्याआधी तो वेगवेगळ्या वर्गांत पाठवून मुलांकडून तपासून घेण्याची पद्धत पुढे पडली. कळत नाही असं मुलं म्हणाली की मजकूर बदलायचा.

शेवटी शेवटी पॅरिसच्या काही सहकाऱ्यांशी त्याचं बिनसलं आणि ते वेगळे झाले. माणूस हट्टी असावा. ८ ऑक्टोबर १९६६ ला तो व्हाँसला गेला. त्याची शाळा १९९१ मध्ये फ्रेंच सरकारने विकत घेतली. ज्या सरकारी व्यवस्थेतून त्याला बाहेर पडावं लागलं, तिनेच!

आता आमचं. हे सगळं वाचून मी मित्रांना म्हटलं की साइटच्या एडिटिंगचे हक्क फर्स्ट इयरला देऊन टाकू. दोन दिवस कुणी माझ्याशी बोललं नाही. सबमिशन तोंडावर आणि हा काय फाजीलपणा! शेवटी प्रत्येक डिव्हिजनमधून सहा पोरं घेतली, आणि प्रत्येक पानाखाली लिहायला जागा ठेवली. चौथ्या दिवशी मी केलेल्या पानाखाली एका फर्स्ट इयरच्या मुलाने लिहिलं की सर, आपल्याकडे फर्स्ट अँगल चालतो, त्यात टॉप व्ह्यू फ्रंट व्ह्यूच्या खाली येतो, तुम्ही वर दाखवलाय. माझ्या पोटात गोळाच आला. ते पान सगळ्यात जास्त पाहिलं गेलेलं होतं! त्या मुलाच्या रूमवर गेलो. चूक त्याला महिनाभरापूर्वीच दिसली होती. मग सांगितलं का नाहीस, विचारलं तर म्हणाला की कुठे सांगणार, साइटवर फक्त नेक्स्टचं बटण होतं.

पान मी काढून टाकणार होतो. त्याने नको सांगितलं. आता तिथे चुकीचं आणि बरोबर असे दोन्ही ठोकळे शेजारी शेजारी फिरतात, आणि लेखक म्हणून नाव त्याचं आहे. सध्या सेक्शनल व्ह्यूचं पान चाललंय. कटिंग प्लेन कुठून न्यायचं यावरून लिहिणाऱ्या दोघांचं भांडण आहे, आणि काल रात्री ते मिटवायला दोघं मेसमधून एक बटाटा आणि सुरी घेऊन माझ्या रूमवर आले होते.