गॉर्डन ऑलपोर्ट : कोश आणि माणूस

गॉर्डन ऑलपोर्ट यांचा जन्म १८९७ साली अमेरिकेतील इंडियाना राज्यात झाला. शिक्षण व बहुतेक अध्यापन हार्वर्ड विद्यापीठात झाले. १९३६ साली त्यांनी ओडबर्ट यांच्या सहकार्याने वेबस्टरच्या इंग्रजी कोशातून माणसाचे विशेष दर्शविणारे १७,९५३ शब्द वेचले. गुणविशेष ही केवळ वर्णनाची सोय नसून ते माणसाच्या ठायी वास्तव असतात, असे त्यांनी १९३७ च्या ग्रंथात प्रतिपादिले. तथापि प्रत्येक माणसातील त्यांची जुळणी अनन्य असते, यावरही त्यांचा तितकाच भर होता.

या दोन भूमिकांची कसोटी जेनी या टोपणनावाच्या एका स्त्रीच्या पत्रांत लागली. ही पत्रे त्यांनी १९६५ साली ग्रंथरूपाने संपादिली. छत्तीस वाचकांनी तिच्या स्वभावाला १९८ विशेषणे लावली. ऑलपोर्ट यांनी त्यांचे आठ गट केले. मात्र आठ गटांची बेरीज म्हणजे जेनी नव्हे, हे जाणून त्यांनी अस्तित्ववादी व मनोविश्लेषणात्मक अर्थनिर्णयही त्याच ग्रंथात शेजारी मांडले.

१९६७ साली त्यांचे निधन झाले. पुढच्याच वर्षी वॉल्टर मिशेल यांनी आक्षेप घेतला, की परिस्थितीनुसार वर्तन पालटते, म्हणून गुणविशेषांच्या मापनावरून केलेले भाकीत फारसे विश्वसनीय नसते. या आक्षेपाने सामाजिक-बोधात्मक दृष्टिकोणास बळ मिळाले. पत्रांतून वा पात्रांतून स्वभाव वाचणाऱ्या साहित्याभ्यासकासही हा वाद टाळता येत नाही.