सिस्टर रोझेटा थार्प : रॉक अँड रोलची पहिली वाट

रॉक अँड रोल म्हटले की एल्व्हिस प्रेस्ली आणि चक बेरी ही नावे चटकन ओठांवर येतात. मात्र त्यांच्या कितीतरी आधी एका कृष्णवर्णीय स्त्रीने गिटारच्या बळावर ही वाट पाडली होती.

रोझेटा यांचा जन्म १९१५ मध्ये आर्कान्सा राज्यातील कॉटन प्लांट गावी झाला. आई चर्चची प्रचारिका आणि गायिका. तिच्यासोबत बालवयातच त्या गिटार वाजवीत गाऊ लागल्या. १९३८ मध्ये न्यूयॉर्कच्या कॉटन क्लबमध्ये त्यांनी भक्तिगीते गायली, तेव्हा अनेक धर्मनिष्ठ मंडळी दुखावली. रोझेटा यांनी मात्र ना चर्च सोडले, ना रंगमंच. १९४४ मध्ये त्यांनी ध्वनिमुद्रित केलेल्या ‘स्ट्रेंज थिंग्ज हॅपनिंग एव्हरी डे’ या गीतात अनेक अभ्यासकांना रॉक अँड रोलची चाहूल ऐकू येते. पुढे कीर्तिशिखर गाठणाऱ्या लिटल रिचर्डला किशोरवयात प्रथम मोठ्या रंगमंचावर गाण्याची संधी त्यांनीच दिली.

१९६४ च्या मे महिन्यात मँचेस्टरजवळच्या एका बंद रेल्वेस्थानकात, पावसाने ओल्या झालेल्या फलाटावर त्यांची इलेक्ट्रिक गिटार दुमदुमली. समोरच्या फलाटावर बसलेली ब्रिटिश तरुणाई भारावून गेली.

१९७३ मध्ये फिलाडेल्फियात त्यांचे निधन झाले. त्यानंतर तीन दशकांहून अधिक काळ त्यांच्या कबरीवर नावाचा दगडही नव्हता. रॉक अँड रोल हॉल ऑफ फेममध्ये त्यांना स्थान मिळाले ते २०१८ मध्ये. त्यांच्या वाटेने गेलेले अनेक जण तोवर तेथे केव्हाच पोहोचले होते.