खानदेशातला सहायक अभियंता

दर वर्षी १५ सप्टेंबरला अभियंता दिन साजरा होतो. सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांच्या तसबिरीला हार घातला जातो आणि म्हैसूरचे दिवाण, कृष्णराजसागराचे शिल्पकार, भारतरत्न अशी बिरुदे उच्चारून भाषणे संपतात. या दिवाणसाहेबांची नोकरीतील उमेदवारी नाशिक आणि खानदेशात झाली, ही गोष्ट खुद्द खानदेशातही क्वचितच सांगितली जाते. ते इकडे आले तेव्हा धुळे, जळगाव आणि नंदुरबार हा सारा मुलूख एकाच खानदेश जिल्ह्यात होता. त्याची पूर्व-पश्चिम वाटणी १९०६ साली झाली आणि नंदुरबार स्वतंत्र जिल्हा झाला तो १ जुलै १९९८ रोजी. २०११च्या जनगणनेतच एक लाख दहा हजारांवर गेलेले नंदुरबार शहर पुढच्या पिढ्यांचे पाणी कोठून आणणार, हा प्रश्न उभा असताना या माणसाचे चरित्र त्या दृष्टीने वाचणे अप्रस्तुत ठरणार नाही.

विश्वेश्वरय्यांचा जन्म १८६१ सालचा, म्हैसूर संस्थानातील मुद्देनहळ्ळीचा. वडील लहानपणीच गेले. शिकवण्या करून त्यांनी बंगलोरला पदवी मिळविली आणि संस्थानच्या शिष्यवृत्तीवर पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयात अभियांत्रिकीचा अभ्यास केला. १८८३च्या परीक्षेत ते पहिले आले व लगेच १८८४ साली मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात सहायक अभियंता म्हणून रुजू झाले.

खानदेशात त्यांच्याकडे जे काम आले ते पांझरेच्या खोऱ्यातील दातर्ती येथील. ओढ्याखालून नळांचा सायफन घालून पाणी पलीकडे न्यावयाचे होते. पावसाळा सुरू झाला, ओढ्याला पूर येऊ लागले आणि केलेल्या खोदाईत गाळ भरू लागला. तरुण अभियंत्याने पावसाळा संपेपर्यंत काम थांबविण्याची परवानगी मागितली. वरिष्ठांना ती कामचुकारपणाची सबब वाटली. वाद न घालता विश्वेश्वरय्यांनी काम तडीस नेले आणि त्याच वरिष्ठांची शाबासकी मिळविली. नदीचा स्वभाव कागदावर कळत नाही, हे पांझरेच्या खोऱ्याने त्यांना नोकरीच्या आरंभीच शिकविले असावे. धुळ्याचे लोक डेडरगावच्या तलावाशीही त्यांचे नाव जोडतात.

पुढे सिंधमधील सक्करच्या पाणीपुरवठ्याचे काम त्यांच्याकडे आले. सिंधू नदी शेजारून वाहत होती, पण पाणी गढूळ. आणि गाळण्याच्या टाक्या बांधण्याइतके पैसे नगरपालिकेजवळ नव्हते. विश्वेश्वरय्यांनी नदीच्या पात्रातच विहीर घेतली. वाळूतून झिरपून आलेले पाणी आपोआप स्वच्छ होते. ते पंपाने उंचावर चढवून गावाला दिले. सिंधहून परतल्यावर काही काळ त्यांनी सुरतेत काम केले. सुरत तापीकाठची. जी तापी शहाद्याच्या सारंगखेडा-प्रकाशावरून जाते, तीच तिच्या मुखाशी या अभियंत्याला पुन्हा भेटली.

पुण्यात असताना त्यांनी केलेली दोन कामे विशेष महत्त्वाची आहेत. खडकवासल्याच्या सांडव्यावरून दर पावसाळ्यात पाणी वाहून जाई. धरणाची भिंत न वाढविता त्यांनी सांडव्यावर आपोआप उघडणारी व मिटणारी दारे बसविली. ही गोष्ट १९०३ची. नवे धरण न बांधता जुन्याच धरणात अधिक पाणी राहू लागले. दुसरे काम नीरा कालव्यावरचे. ऊस सगळे पाणी पिऊन टाकीत होता आणि शेवटच्या शेतकऱ्याच्या वाट्याला काही उरत नव्हते. जमिनीचे गट पाडून त्यांत आळीपाळीने पिके घेण्याची पद्धत त्यांनी मांडली. पांझरेवरच्या बंधाऱ्यांखाली शेतकरी फार पूर्वीपासून फड पाडून असेच पाणी वाटून घेत आले होते. खानदेशात नोकरी केलेल्या अभियंत्याच्या नजरेतून ते निसटले असेल, असे आम्हाला वाटत नाही.

१९०६ साली त्यांना एडनला पाठविण्यात आले. तेथे पाऊस जवळजवळ नाहीच. त्यांनी शहराभोवती शोध घेण्याऐवजी दूरच्या डोंगरावर पडणारा पाऊस जातो कोठे, हे शोधले. तो लहेजच्या नदीच्या वाळूत मुरत होता. विहिरी तेथे घ्याव्यात, अशी त्यांची शिफारस होती.

सप्टेंबर १९०८मध्ये मुसी नदीच्या पुराने हैदराबादेत हजारो बळी घेतले. मुंबई इलाख्यात हिंदी माणसाला वरच्या जागा मिळणार नाहीत हे ओळखून विश्वेश्वरय्यांनी त्याच सुमारास नोकरी सोडली होती. निजामाने त्यांना बोलाविले. पूर शहराजवळ नव्हे, वरच्या अंगाला अडवावा, असा त्यांचा सल्ला होता. त्यातून मुसीवर उस्मानसागर १९२० साली व ईसीवर हिमायतसागर १९२७ साली पुरा झाला. ज्या पाण्याने शहर बुडविले तेच अनेक दशके शहराला पाजले. मात्र शहर वाढतच गेले. मांजरा, कृष्णा, गोदावरी अशा लांबलांबच्या नद्यांकडे हैदराबादला हात पसरावा लागला. आणि जुन्या जलाशयांच्या पाणलोटात घरे चढू नयेत म्हणून सरकारला १९९६ साली निर्बंध घालावे लागले.

नंदुरबारचा आधार शिवण नदीवरचे विरचक धरण. उत्तरेला तापीवर सारंगखेडा व प्रकाशा येथे बंधारे उभे आहेत. पण उपसा सिंचन योजनांच्या रखडपट्टीविषयी शेतकऱ्यांची तक्रार जुनी आहे. शहराला आणखी पाणी हवे असे म्हटले की नवी योजना आणि नवी जलवाहिनी एवढेच आपल्याला सुचते. विश्वेश्वरय्यांनी प्रथम विचारले असते की विरचकच्या पाणलोटात पाऊस किती पडतो, त्यातला धरणात किती पोहोचतो, गाळाने किती जागा खाल्ली आणि जुन्या नळांतून वाटेत किती गळते. हे आकडे नगरपालिकेने दर वर्षी नागरिकांपुढे ठेवले तर शिक्षक-विद्यार्थ्यांनाही त्यांवर बोलता येईल. शहराने तापीवर हक्क सांगण्याआधी काठच्या शेतीचा हिशेब मांडावा लागेल, तो वेगळाच.

विश्वेश्वरय्यांची दृष्टी सर्वच बाबतींत पुरेशी होती, असे मात्र म्हणता येणार नाही. कृष्णराजसागराखाली गावे गेली. त्या काळच्या अभियंत्याच्या लेखी तो खर्चाच्या अंदाजपत्रकातला एक रकाना होता. सरदार सरोवरासाठी अक्राणी आणि अक्कलकुवा तालुक्यांतील गावे बुडालेली पाहिलेल्या जिल्ह्याला त्या रकान्यात काय असते हे समजावून सांगण्याची गरज नाही. येथे तरी धरणाचा हिशेब गाव सोडणाऱ्यापासून सुरू व्हावा.

१९१२ ते १९१८ विश्वेश्वरय्या म्हैसूरचे दिवाण होते. त्यांना १९५५ साली भारतरत्न मिळाले. १२ जुलै १९६१ रोजी पानशेत फुटले आणि त्या लोंढ्यात खडकवासल्याचे धरणही गेले. विश्वेश्वरय्या तेव्हा शंभरीच्या उंबरठ्यावर होते; १४ एप्रिल १९६२ रोजी बंगलोर येथे ते निवर्तले.