ट्रम्पेटवादक चिक चॉकलेट

मुलांनो, बीडच्या रस्त्यावरून लग्नाची वरात जाताना तुम्ही बँड ऐकला असेल. त्यात पितळेचे एक चकचकीत वाद्य उंच आवाजात वाजत असते. ते ट्रम्पेट. या वाद्यावर मुंबई गाजवणाऱ्या चिक चॉकलेट यांची ही हकीकत आहे. नाव ऐकून हसू नका! त्यांचे खरे नाव अंतोनियो झेवियर वाझ. त्यांचा जन्म १९१६ साली गोव्यातील हळदोणे या गावी झाला.

गोव्यावर तेव्हा पोर्तुगिजांचे राज्य होते. तेथे चर्चच्या शाळांतून मुलांना संगीताचे धडे मिळत. कागदावर लिहिलेले स्वर पाहून वाजवणे, ही तेथली विद्या. तिच्या बळावर गोव्याचे कितीतरी वादक पोटासाठी मुंबई-कलकत्त्यास गेले. चिक यांना मात्र ओढ लागली जाझची. जाझ हे अमेरिकेतील कृष्णवर्णीयांनी घडवलेले संगीत. ते नुसता कागद पाहून वाजवता येत नाही.

का बरे? तुम्ही उरुसात कव्वाली ऐकली आहे ना? कव्वाल एकच मिसरा पुन्हा पुन्हा घेतो आणि दर वेळी त्याला नवे वळण देतो. जाझचेही काहीसे तसेच आहे. सर्वांना पाठ असलेली एखादी चाल घ्यायची. पुष्कळदा तिचे चार-चार मात्रांचे ३२ तुकडे असतात. आधी ती सरळ वाजवायची. मग एकेकाने पुढे येऊन त्याच ३२ तुकड्यांवर आपली नवी चाल तिथल्या तिथे रचायची. मागे पियानोवर ठरलेले स्वरमेळ ठरलेल्या क्रमाने चालूच असतात. तो क्रम विसरला, की वादक भर मैफलीत वाट चुकलाच! म्हणून पाठांतर आधी आणि मोकळीक नंतर.

हे शिकायचे कोणाकडून? १९३५ साली लिऑन अ‍ॅबे यांचा कृष्णवर्णीय वादकांचा संच मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात आला, तेव्हा इथल्या वादकांना जाझ समोरासमोर ऐकता आले. एरवी आधार तबकड्यांचा. एका बाजूवर जेमतेम तीन मिनिटांचे वादन! चिक यांचे दैवत होते लुई आर्मस्ट्राँग. त्यांचे ट्रम्पेट आणि त्यांचा खरखरीत गळा चिक यांनी असा आत्मसात केला, की लोक त्यांना भारताचा आर्मस्ट्राँग म्हणू लागले. १९४० नंतरच्या दशकात ताजमध्ये खुद्द चिक यांचाच संच वाजू लागला.

पुढे इंग्रज गेले, मुंबईत दारूबंदी आली आणि हॉटेलांतील रात्री ओसरल्या. अनेक वादक चित्रपटांकडे वळले. चिक हे संगीतकार सी. रामचंद्र यांचे साहाय्यक झाले. रामचंद्र तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातील पुणतांब्याचे, म्हणजे आपल्या शेजारचेच! मराठी माणसाची चाल आणि गोव्याच्या माणसाचे ट्रम्पेट यांची छान गट्टी जमली. पण हॉटेलात चिक मनाला येईल तितका वेळ एक चाल फुलवीत. चित्रपटात मात्र गाणे तीन-चार मिनिटांचे आणि वाद्यांच्या जागाही मोजलेल्या. शिवाय पडद्यावर मोठे नाव संगीतकाराचे, साहाय्यकाला कोण ओळखतो? मला तर ही गोष्ट फार खटकते.

१९५१ साली ‘नादान’ या चित्रपटाला चिक यांनी स्वतः संगीत दिले. १९६७ साली, वयाच्या पन्नाशीतच, त्यांचे निधन झाले. १९५१ चाच ‘अलबेला’ कधी पाहायला मिळाला, तर एका गाण्यात मागे उभ्या असलेल्या वादकांकडे नीट पाहा. झालरीच्या बाह्यांचा सदरा घालून ट्रम्पेट फुंकणारे आहेत, ते चिक चॉकलेट.