दोउरोकाठच्या आंतोनियाबाई

गोव्याहून परतणाऱ्या पाहुण्याच्या पिशवीत काजूच्या पाकिटांबरोबर पोर्ट वाइनची बाटली बहुधा असतेच. गोड, गडद आणि खिशाला परवडणारी. नाव पोर्टचे असले तरी आतली वाइन इथल्याच द्राक्षांची असते. साडेचारशे वर्षांच्या पोर्तुगीज अमलात चव आली, नाव आले आणि ती माणसे गेल्यावरही ते नाव राहिले. खऱ्या पोर्टचे माहेर उत्तर पोर्तुगालमध्ये, दोउरो नदीच्या खोऱ्यात. १७५६ मध्ये मार्किस द पोंबाल यांनी कायद्याने या मुलखाची हद्द ठरवली आणि पुढे तिच्यावर दगडी खांब रोवले. त्या खोऱ्यात आजही एका बाईचे नाव लोक घरच्यासारखे घेतात. फेरेरिन्या, म्हणजे आपली धाकटी फेरेरा.

आंतोनिया आदेलाइद फेरेरा यांचा जन्म १८११ सालचा, रेगुआ गावाजवळचा. घराणे द्राक्षमळ्यांचे आणि वाइनच्या व्यापाराचे. १८३४ मध्ये चुलतभावाशी लग्न झाले. नवरा हौशी आणि हाताचा सैल. १८४४ मध्ये तो वारला तेव्हा बाई तेहतीस वर्षांच्या होत्या, पदरात एक मुलगा आणि एक मुलगी. मराठी कादंबरीत इथून पुढे दीर आणि दिवाणजी मिळून इस्टेट खातात. आम्हा कादंबरीकारांना दुसरे काही सुचत नाही. इथे बाईंनी हिशेबाच्या वह्या स्वतःपुढे ओढल्या आणि पुढची पन्नास वर्षे सोडल्या नाहीत.

त्यांनी काय केले ते कळायला पोर्ट कशी होते ते पाहावे लागते. द्राक्षाचा रस आंबत असताना, निम्मी-अधिक साखर शिल्लक असतानाच त्यात द्राक्षापासूनच काढलेले जहाल मद्य ओततात. आंबवणारे जीव मरतात, गोडी तशीच राहते आणि मद्यार्क वीस टक्क्यांच्या आसपास पोचतो. ही वाइन पिंपांत भरून त्या काळी चपट्या बुडाच्या होड्यांतून नदीच्या धारेने खाली, पोर्तो शहरासमोरच्या गाया इथल्या वखारींत आणत. तिथे ती वर्षानुवर्षे पडून राही. बँकेत असताना मी तारणकर्जे पाहत असे. गोदामातला माल जुना झाला की आम्ही त्याची किंमत कमी धरायचो. पोर्टच्या धंद्यात जुन्या मालाला चढा भाव, पण तोवर भांडवल अडकलेले. लहान शेतकऱ्याला एवढा दम कुठून असणार? उदंड पीक आले की भाव कोसळे आणि बिचारा पडेल त्या किमतीला विकून मोकळा होई. अशा वर्षी आंतोनियाबाई त्याची वाइन विकत घेत आणि वखारीत ठेवून देत. यात दया होती तसा व्यवहारही होता. पुढे रोगराईने मळे ओस पडले, तेव्हा हाच साठा सोन्याच्या भावाने गेला.

संपत्तीवर डोळा ठेवणारे काही कमी नव्हते. पंतप्रधानपदी असलेले ड्यूक साल्दान्या यांनी आपल्या मुलासाठी बाईंच्या मुलीला मागणी घातली. मुलगी जेमतेम अकरा-बारा वर्षांची. नकार पचवणारा हा माणूस नव्हता. बाई मुलीला घेऊन देश सोडून निघाल्या, त्या स्पेनमार्गे लंडनला. पुढे आपल्या इस्टेटीचे कारभारी तोर्रेस यांच्याशी त्यांनी दुसरे लग्न केले.

१२ मे १८६१ रोजी दोउरोवर घडलेला अपघात त्या खोऱ्यात अजून सांगितला जातो. वालेइरा इथे नदी उंच कड्यांमधून धावते. तिथे बाईंची होडी उलटली. होडीत जोसेफ जेम्स फॉरेस्टर हे इंग्रज व्यापारी होते. त्यांनी दोउरोचा तपशीलवार नकाशा काढला होता आणि पोर्तुगालने त्यांना बॅरन केले होते. ते बुडाले, देहही सापडला नाही. कमरेच्या पट्ट्यातील सोन्याच्या नाण्यांनी त्यांना खाली ओढले आणि बाईंना घेरदार झग्याने तरंगते ठेवले, असे लोक सांगतात. गंमत अशी की १८४४ मध्ये याच फॉरेस्टरनी पुस्तिका लिहून रान उठवले होते, की वाइनमध्ये बाहेरचे मद्य आणि रंग घालून गोडी फुगवणे ही भेसळ आहे, दोउरोची वाइन निर्भेळ असावी. भेसळीबद्दल ते बरोबर होते. गोडीच्या बाबतीत मात्र गिऱ्हाइकाने त्यांच्याविरुद्ध कौल दिला.

त्यानंतर फिलॉक्सेरा ही कीड आली. ती मुळांतून वेल मारते. इलाज एकच, अमेरिकी वेलाच्या मुळावर स्थानिक कलम. तरणेबांड मळे उपटून टाकायचे आणि पुन्हा वर्षानुवर्षे वाट पाहायची. बाईंनी ते केलेच, शिवाय १८७७ पासून, वयाच्या सहासष्टाव्या वर्षी, खोऱ्याच्या वरच्या टोकाला व्हाल मेआंव इथल्या ओसाड रानात नवा मळा उभा करायला घेतला. शेजारी अजून जुने वेल जाळत होते. १८९६ मध्ये त्या वारल्या.

आज परदेशातून येणाऱ्या कुणाला पोर्ट आणायला सांगायची असेल, तर लेबलावरचा शब्द पाहायला सांगावा. रूबी म्हणजे कोवळी, लाल, फळांच्या चवीची. टॉनी लाकडी पिंपात मुरून तपकिरी झालेली, तिला सुक्या मेव्याचा वास. तिच्यावर दहा, वीस, तीस, चाळीस असे वय छापतात, पण ती अनेक वर्षांच्या वाइनची मिसळ असते. व्हिंटेज एकाच उत्तम वर्षाची, दोन-तीन वर्षे पिंपात राहून पुढे बाटलीतच मुरणारी. ती उघडली की दोन दिवसांत संपवावी लागते, तळाशी गाळ असतो आणि आपल्याकडच्या उन्हाळ्यात तिची बडदास्त कोण ठेवणार? घरासाठी दहा वर्षांची टॉनी घ्यावी. जरा गार करून, बदाम-अक्रोडाबरोबर. उघडल्यावरही काही आठवडे टिकते. अती गोड मिठाईशी तिला बसवू नये, दोघींचीही चव जाते.

फेरेरांच्या वखारीत १८१५ सालापर्यंतच्या जुन्या बाटल्या जपलेल्या आहेत. आणि बाईंनी म्हातारपणी लावलेल्या व्हाल मेआंवच्या द्राक्षांतून याच कंपनीने १९५२ मध्ये बार्का-व्हेल्या नावाची वाइन काढली. गोडी नाही, बाहेरचे मद्य नाही, अगदी फॉरेस्टरना हवी होती तशी. ती पोर्तुगालची सर्वांत नावाजलेली लाल वाइन ठरली.