गास्पार मोंज : गुपित फोडणारा भूमितिकार

अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षात विद्यार्थ्याच्या हाती टी-स्क्वेअर येतो. एखादी वस्तू वरून कशी दिसते आणि समोरून कशी दिसते, हे एकाच कागदावर रेखाटण्याचा सराव तेव्हापासून त्याच्यामागे लागतो. आता टी-स्क्वेअरची जागा बहुतांशी संगणकाने घेतली आहे. पण 'प्लॅन' आणि 'एलेव्हेशन' हे दोन शब्द काही सुटलेले नाहीत. या रेखनाला भूमितीचे पक्के अधिष्ठान देणारे गास्पार मोंज एका फेरीवाल्याचे पुत्र होते, हे मात्र क्वचितच कोणी सांगते. भाषेच्या अध्यापकाने गणितज्ञाचे चरित्र सांगावे हे थोडे विपरीत खरे. परंतु विद्या कोणाची, हा प्रश्न या चरित्रात पावलोपावली उभा राहतो आणि ग्रंथालयाच्या शताब्दीत तो अस्थानी ठरू नये.

मोंज यांचा जन्म १७४६ साली फ्रान्सच्या बर्गंडी प्रांतातील बोन या गावी झाला. धर्मगुरूंनी चालविलेल्या शाळेत त्यांचे शिक्षण झाले. वयाच्या सोळाव्या वर्षी ते लियों येथे पदार्थविज्ञान शिकवू लागले होते. गावी परतल्यावर त्यांनी स्वतः बनविलेल्या उपकरणांनी बोनचा मोठा नकाशा काढला. तो एका लष्करी अधिकाऱ्याच्या दृष्टीस पडला आणि त्याच्या शिफारशीवरून मोंज १७६५ च्या सुमारास मेझियेर येथील शाही अभियांत्रिकी विद्यालयात दाखल झाले.

दाखल झाले खरे, पण विद्यार्थी म्हणून नव्हे. त्या विद्यालयाची मुख्य शाखा उमरावांच्या मुलांसाठी राखीव होती. मोंज यांच्या वाट्याला आरेखकांची आणि दगडकामाच्या नमुन्यांची कनिष्ठ शाखा आली. तेथे त्यांना एका किल्ल्याच्या तटबंदीचे काम सोपविण्यात आले. सभोवतालच्या टेकड्यांवरून शत्रूची नजर वा गोळा आत पोहोचू नये, इतकी तटाची उंची ठिकठिकाणी ठरवायची होती. रूढ पद्धतीत यासाठी आकडेमोडीचे भारे उपसावे लागत. मोंज यांनी ती आकडेमोड बाजूला सारली आणि केवळ रेखनाने उत्तर आणले. इतक्या लवकर उत्तर येणे शक्यच नाही, असे म्हणून अधिकाऱ्याने ते तपासण्यासही प्रथम नकार दिला. शेवटी तपासले, तेव्हा ते बरोबर निघाले.

त्यांची युक्ती ऐकायला सोपी आहे. परस्परांना काटकोनात असलेली दोन प्रतले कल्पायची, एक आडवे आणि एक उभे. वस्तूच्या प्रत्येक बिंदूपासून दोन्ही प्रतलांवर लंब टाकायचे. मग दोन्हींच्या छेदरेषेभोवती उभे प्रतल फिरवून आडव्याला सपाट मिळवायचे, म्हणजे अवकाशातली घन वस्तू एका कागदावर उतरते. कौलारू घराचा तिरपा वासा घ्या. वरून पाहिले तर त्याची लांबी १२ फूट दिसते आणि त्याच्या दोन टोकांच्या उंचीत ५ फुटांचा फरक आहे. खरी लांबी वरच्या चित्रात नाही, समोरच्याही चित्रात नाही. दोन्हींवरून काटकोन त्रिकोण मांडला की ती १३ फूट निघते. सुतार, पाथरवट हे पिढ्यान्‌पिढ्या करीत आले होते. पण प्रत्येकाची रीत आपापल्या धंद्यापुरती असे आणि ती जपली जाई. दोन पृष्ठभाग एकमेकांना कोठे छेदतील, हे पट्टी आणि कंपास यांनी शोधण्याची सर्वांना लागू पडणारी रीत मोंज यांनी दिली.

१७६९ मध्ये ते तेथेच गणिताचे प्राध्यापक झाले. पण ही विद्या लष्करी गुपित ठरली आणि जवळजवळ तीस वर्षे त्यांना ती विद्यालयाच्या भिंतीबाहेर नेता आली नाही. १७८० मध्ये विज्ञान अकादमीचे सभासदत्व मिळाले. पुढे नाविक छात्रांचे परीक्षक म्हणून ते गावोगाव हिंडले. त्यांच्या नावाशी कायमची जोडली गेलेली भूमिती मात्र छापता येत नव्हती.

राज्यक्रांतीने ती कडी निघाली. १७९२–९३ मध्ये काही महिने ते नौदलमंत्री होते. हा प्रशासकाचा पिंड नव्हे, असे म्हणावे लागते. पुढे तोफा ओतण्याची रीत त्यांनी कारखानदारांसाठी पुस्तकरूपाने मांडली. १७९४ च्या अखेरीस पॅरिसमध्ये, पुढे एकोल पोलितेक्निक म्हणून ख्यात झालेले विद्यालय सुरू झाले. जन्म न पाहता परीक्षेने निवडलेले सुमारे ४०० तरुण त्यात होते. पुढच्याच वर्षी शिक्षक घडविणाऱ्या नव्या विद्यालयात मोंज यांनी आपली भूमिती उघडपणे शिकविली. लघुलेखक ती टिपून घेत आणि व्याख्याने छापली जात. १७९९ मध्ये त्यांचे पुस्तक झाले. आकृतीइतकेच ते हातवाऱ्यांनी शिकवीत, असे विद्यार्थ्यांच्या आठवणींत आढळते.

नेपोलियनवरील त्यांची निष्ठा अढळ होती आणि ती सर्वस्वी निर्दोष म्हणता येत नाही. इटलीतील चित्रे व हस्तलिखिते फ्रान्सला नेण्याच्या कामात ते होते. विद्या खुली करणाऱ्याने परक्यांची ग्रंथसंपदा उचलावी, हे ग्रंथप्रेमी वाचकाला खुपल्यावाचून राहत नाही. १७९८ मध्ये ते इजिप्तला गेले, तेथील विद्वत्संस्थेचे अध्यक्ष झाले आणि वाळवंटातील मृगजळाची त्यांनी शास्त्रीय मीमांसा केली.

नेपोलियनचे पतन झाले आणि राजसत्ता परतली. १८१६ मध्ये मोंज यांचे नाव अकादमीतून काढण्यात आले व त्या जागी राजाज्ञेने ओग्युस्तँ कोशी यांची नेमणूक झाली. कोशी स्वतः पोलितेक्निकचेच विद्यार्थी. कलनशास्त्राच्या काटेकोर मांडणीमुळे त्यांचे नावही अभियांत्रिकीच्या गणितात अजून घेतले जाते. पण त्या नेमणुकीचा सल पॅरिसच्या विद्वानांत राहिला.

२८ जुलै १८१८ रोजी मोंज यांचे निधन झाले. अंत्ययात्रेला जाण्याची पोलितेक्निकच्या विद्यार्थ्यांना परवानगी मिळाली नाही. त्यांनी हुकूम मोडला नाही. पुढच्या सुटीच्या दिवशी ते पेर लाशेझ स्मशानभूमीत गेले आणि समाधीवर फुले वाहून परतले. १९८९ मध्ये मोंज यांचे अवशेष तेथून पँथिऑनमध्ये हलविण्यात आले.