आर्यभटाची अक्षरे

इसवी सनाच्या पाचव्या शतकाच्या अखेरीस गुप्तांचे साम्राज्य उतरणीला लागले होते. परंतु पाटलीपुत्र नगरीची विद्येची कीर्ती अद्याप मावळली नव्हती. या नगरीलाच कुसुमपूर असेही म्हणत. तेथे आदर पावलेले ज्ञान आपण सांगत आहोत, असे आर्यभटाने आपल्या ग्रंथात नमूद केले आहे. कलियुगाची ३६०० वर्षे लोटली तेव्हा आपल्या जन्माला २३ वर्षे झाली होती, असेही तो सांगतो. या हिशेबाने त्याचा जन्म इ. स. ४७६ मधला ठरतो. आपल्या प्राचीन ग्रंथकारांपैकी फारच थोड्यांनी जन्माचा काळ इतका नेमका सांगून ठेवला आहे. आर्यभटाने तो सांगितला, कारण काळ मोजणे हाच त्याचा व्यवसाय होता.

त्याचे आईबाप कोण, गुरू कोण, याविषयी काहीच माहिती मिळत नाही. त्याच्या ग्रंथावर इ. स. ६२९ मध्ये टीका लिहिणारा पहिला भास्कर त्याचा संबंध अश्मक देशाशी जोडतो. अश्मक हे गोदावरीच्या खोऱ्यातील प्राचीन जनपद होय. तेव्हा आर्यभटाचे मूळ घर गोदातीरी असावे, असे मानण्यास जागा आहे. मात्र याबाबत विद्वानांत एकमत नाही. त्याच्या शिष्यांपैकी पांडुरंगस्वामी, लाटदेव आणि निःशंकु ही तीन नावे याच भास्कराने नोंदवून ठेवली आहेत. आर्यभट ग्रंथकार होता तसाच तो शिक्षकही होता, आणि त्याच्या ग्रंथाची घडण पाहताना ही गोष्ट नित्य ध्यानात ठेवावी लागते.

त्या काळी छापखाना नव्हता. ताडपत्रावर किंवा भूर्जपत्रावर लिहीत, पण ती पाने किडीच्या व पावसाच्या तोंडी सहज पडत. म्हणून विद्या मुखोद्गत करण्याचा प्रघात होता. काव्य पाठ करणे फारसे कठीण नाही. व्याकरणाची सूत्रेही पाठ होतात. पण ज्योतिषाचे तसे नाही. सूर्य, चंद्र व ग्रह एका महायुगात किती फेरे करतात, हे सांगणाऱ्या संख्या सात-सात, आठ-आठ अंकी असतात. त्यांतील एक अंक चुकला तर पंचांग चुकते आणि ग्रहण भलत्याच वेळी वर्तवले जाते. अशा संख्या विद्यार्थ्याच्या जिभेवर कशा बसवाव्या, हा प्रश्न आर्यभटापुढे होता. चंद्र म्हणजे एक, नेत्र म्हणजे दोन, अग्नी म्हणजे तीन, वेद म्हणजे चार, अशा संकेतांनी संख्या सांगण्याची एक रीत त्या काळी होती. परंतु एकेका अंकासाठी एकेक शब्द योजला म्हणजे श्लोक लांबत जातो.

आर्यभटाने यावर जो उपाय काढला तो लहान मुलालाही कळेल इतका साधा आहे. प्रत्येक मुलाला वर्णमाला पाठ असतेच. मग तिच्यावरच अंक का बसवू नयेत? ‘क’ म्हणजे १, ‘ख’ म्हणजे २, ‘ग’ म्हणजे ३, असे मोजत ‘म’पर्यंत २५. पुढे ‘य’ म्हणजे ३०, ‘र’ म्हणजे ४०, असे दहादहाने वाढत ‘ह’ म्हणजे १००. ही झाली व्यंजने. स्वरांना त्याने निराळे काम दिले. ‘अ’ लागला तर व्यंजनाची किंमत आहे तीच राहते. ‘इ’ लागला तर शंभरपट होते, ‘उ’ लागला तर दहा हजारपट, ‘ऋ’ लागला तर दहा लाखपट, आणि ‘ऌ’ लागला तर दहा कोटीपट. पुढच्या स्वरांनी ती अशीच शंभर-शंभर पटींनी चढत जाते. स्वर ऱ्हस्व असो वा दीर्घ, किंमत तीच.

आता ‘ख्युघृ’ हा शब्द पाहा. कोणत्याही कोशात तो सापडणार नाही. परंतु किल्ली हाती असेल तर त्याचा उलगडा क्षणात होतो. ‘ख्’ म्हणजे २ आणि ‘य्’ म्हणजे ३०, मिळून ३२. त्यांना ‘उ’ लागला आहे, म्हणून ३,२०,०००. ‘घृ’ म्हणजे ४ गुणिले दहा लाख, म्हणून ४०,००,०००. बेरीज ४३,२०,०००. महायुगाची वर्षे नेमकी इतकीच मानलेली आहेत! सात अंकांची संख्या दोन अक्षरांत मावली. किल्ली ठाऊक नसणाऱ्याला हा गुप्त संकेतच वाटावा. परंतु तो काही लपवण्यासाठी रचलेला नव्हता. ग्रंथाच्या आरंभीच आर्यभटाने आपली किल्ली एका श्लोकात उघड करून ठेवली आहे.

अक्षरांना अंक मानण्याची कल्पना इतर देशांतही होती. ग्रीक लोक आपले पहिले अक्षर अल्फा १ साठी, आयोटा १० साठी व ऱ्हो १०० साठी लिहीत. हिब्रू भाषेत आलेफ, योद व कोफ या अक्षरांच्या किमती याच क्रमाने १, १० व १०० आहेत. अरबीतील अबजद पद्धतीही अशीच आहे. परंतु तेथे प्रत्येक अक्षराची किंमत कायमची ठरलेली असते. आर्यभटाने व्यंजनाला अंक दिला आणि स्वराला स्थान दिले. एकच ‘ग’ स्वर बदलताच तीनाचा तीनशे होतो व तीनशेचा तीस हजार. एकं, दहं, शतं या स्थानांचे जे मर्म भारतीय गणिताने ओळखले, तेच येथे अक्षरांतून प्रकट झाले आहे. शिवाय ‘क’पासून ‘ह’पर्यंतचा वर्णक्रम भारतातील बहुतेक लिपींना समान आहे. त्यामुळे पोथी नागरीत असो की मलयाळम लिपीत, किल्ली बदलावी लागत नाही.

या पद्धतीत दोष नव्हते असे नाही. तिच्यातून निघणारे शब्द कानाला कर्कश लागतात आणि उच्चारताना जीभ अडखळते. दुसरा दोष अधिक गंभीर होता. अक्षर चुकले की संख्या चुकते. आणि नकलकाराला संख्येचा अर्थ कळत नसेल तर चूक ध्यानातही येत नाही. नागरीत ‘भ’ आणि ‘म’ यांत फरक तो किती! पण एक २४ आहे आणि दुसरा २५. पुढील ज्योतिष्यांनी बहुधा याच कारणांनी ही पद्धती उचलली नाही. केरळात कटपयादी नावाची दुसरी अक्षरपद्धती रूढ झाली. तिच्यात अर्थपूर्ण शब्दांतून संख्या सांगता येतात, म्हणून ती लोकप्रियही झाली.

तथापि आर्यभटाच्या संख्यांना एक अंगभूत संरक्षण होते. वर्तुळाच्या चौथ्या भागाचे २४ समान खंड करून त्यांच्या ज्यांमधील फरक त्याने एका श्लोकात गोवले आहेत. ‘मखि’ म्हणजे २२५, ‘भखि’ म्हणजे २२४, असे उतरत जाऊन शेवटी ‘छ’ म्हणजे ७. या २४ संख्यांची बेरीज ३४३८ आली पाहिजे, कारण त्याने मानलेली त्रिज्या तेवढी आहे. आणि पहिल्या आठांची बेरीज १७१९, म्हणजे बरोबर त्रिज्येच्या निम्मी, आली पाहिजे. पाठांतरात वा नकलेत कोठे घसरण झाली असेल तर बेरीज करणाऱ्या विद्यार्थ्याला ती तत्काळ पकडता येते.

संख्यांच्या अंतरंगात शिरण्याची आर्यभटाची हौस येथेच थांबली नाही. गणितपादाच्या अखेरच्या दोन श्लोकांत त्याने एक रीत दिली आहे. पुढे ती ‘कुट्टक’ या नावाने विख्यात झाली. कुट्टक म्हणजे कुटून बारीक करणारा. समजा, आंब्यांची एक रास आहे. ३०-३० चे ढीग घातले तर ७ आंबे उरतात. १३-१३ चे घातले तर ४ उरतात. तर रास कमीत कमी किती आंब्यांची? अंदाजाने शोधू लागले तर वेळ जातो. कुट्टकाच्या वाटेने गेले असता मोठे आकडे आपोआप लहान होत जातात. तिसांच्या ढिगांची संख्या माहीत नाही. पण तिला ३० ने गुणून ३ मिळवले, तर येणाऱ्या संख्येला १३ ने निःशेष भाग जातो, एवढे निश्चित. कारण ७ मधून ४ गेले की ३ उरतात. आता ३० मधील २६ ला १३ ने भाग जातोच. ते टाकून दिले की ४ राहतात. म्हणजे ढिगांच्या संख्येची चौपट अधिक ३, याला १३ ने भाग गेला पाहिजे. तेराची अशी पट हवी की तिच्यातून ३ वजा केल्यावर उरलेल्याला ४ ने भाग जावा. तेराच्या तिपटीतून, म्हणजे ३९ मधून, ३ गेले की ३६. त्याचा चौथा हिस्सा ९. तेव्हा तिसांचे ढीग ९ आणि रास २७७ आंब्यांची. तीस व तेरा यांचा प्रश्न कुटता कुटता चार व एक यांच्यावर आला! ग्रहांचे फेरे आणि युगारंभापासून गेलेले दिवस यांची गणिते या एका रीतीने सुटत असत. संख्या सिद्धांत या नावाने आज जी शाखा शिकवतात, तिच्यात ही रीत मानाने बसली आहे.

ज्या विधानामुळे आर्यभटाला टीका सोसावी लागली, ते मात्र निराळेच होते. पृथ्वी स्वतःभोवती फिरते आणि म्हणून स्थिर तारे पश्चिमेकडे जाताना दिसतात, असे त्याने निःशंकपणे लिहिले. नावेतून पुढे जाणाऱ्याला काठावरची झाडे मागे जाताना दिसतात, तसाच हा भास आहे, असे तो समजावतो. वराहमिहिराने या मताविरुद्ध शंका काढली की, पृथ्वी फिरत असती तर आकाशात उडालेले पक्षी आपल्या घरट्यांशी परत कसे आले असते? ब्रह्मगुप्ताने इ. स. ६२८ मध्ये त्याच्यावर कठोर प्रहार केले. विशेष हे की, याच ब्रह्मगुप्ताने इ. स. ६६५ मध्ये आर्यभटाच्याच गणितावर आधारलेला करणग्रंथ लिहिला.

विरोधकांपेक्षा अनुयायांनीच त्याचे अधिक नुकसान केले. एका प्राणात, म्हणजे सुमारे चार सेकंदांत, पृथ्वी एक कला फिरते, असे त्याचे वचन होते. गुरूवर श्रद्धा असलेल्या टीकाकारांना हे वचन अडचणीचे वाटले. त्यांनी ‘भू’ या शब्दाच्या जागी ‘भ’ हा पाठ स्वीकारला. ‘भू’ म्हणजे पृथ्वी, ‘भ’ म्हणजे नक्षत्रमंडल. एक स्वर बदलला आणि पृथ्वी थांबून आकाश फिरू लागले! मूळ पाठ आपल्याला कळतो तो ब्रह्मगुप्तामुळे. खंडन करण्यासाठी त्याने ते वचन जसेच्या तसे उद्धृत केले होते.

परंतु दुसऱ्या एका ठिकाणी हा उपाय चालण्यासारखा नव्हता. महायुगात पृथ्वी पूर्वेकडे किती वेळा फिरते, हे आर्यभटाने आपल्या अक्षरांत सांगितले आहे: ‘ङिशिबुणॢख्षृ’. ‘ङि’ ५००, ‘शि’ ७,०००, ‘बु’ २,३०,०००, ‘ख्षृ’ ८,२०,००,००० आणि ‘णॢ’ १,५०,००,००,०००, एकूण १,५८,२२,३७,५००. यातून सूर्याचे ४३,२०,००० फेरे वजा केले की महायुगातील दिवस मिळतात, आणि त्या दिवसांवर साऱ्या ग्रहांचे गणित उभे आहे. येथे एक स्वर हलवला तर सगळे पंचांग कोसळले असते. टीकाकारांनी या ओळीचा अर्थ ओढूनताणून लावला, पण तिची अक्षरे आहेत तशीच राहिली. या संख्येवरून पृथ्वीच्या एका फेऱ्याचा काळ काढला तर तो २३ तास, ५६ मिनिटे व ४ सेकंदांहून किंचित अधिक येतो. आधुनिक वेधांनी मिळणारा काळ जवळजवळ तोच आहे.

आर्यभटाचा मृत्यू केव्हा झाला हे अज्ञात आहे. त्याचा दुसरा एक ग्रंथ नष्ट झाला. १२१ श्लोकांचे आर्यभटीय उत्तरेत हळूहळू दुर्मीळ होत गेले. अकराव्या शतकात भारताचा अभ्यास करणाऱ्या अल्बेरूनीलाही ते पाहावयास मिळाले नाही. आर्यभटाविषयी त्याला जे कळले ते ब्रह्मगुप्ताच्या ग्रंथांतून. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी इंग्रज पंडित कोलब्रुक यांनाही तोच अनुभव आला. त्यातच दहाव्या शतकाच्या सुमारास आर्यभट नावाचा दुसरा एक ज्योतिषी होऊन गेला होता. त्यामुळे दोघांची कामगिरी एकमेकांत मिसळून गेली. दक्षिणेत, विशेषतः केरळात, मात्र परमेश्वर व नीलकंठ यांच्यासारख्या टीकाकारांनी ग्रंथाचे अध्ययन चालू ठेवले होते.

गोव्यातील मांद्रे गावी जन्मलेले आणि मुंबईत धन्वंतरी म्हणून नावाजलेले डॉ. भाऊ दाजी लाड यांना रुग्णसेवेइतकाच प्राचीन विद्येचा नाद होता. त्यांनी १८६४ च्या सुमारास दक्षिणेतून आर्यभटीयाच्या पोथ्या मिळवल्या. १८६५ मध्ये लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात निबंध प्रसिद्ध करून त्यांनी दोन्ही आर्यभटांना वेगळे केले आणि पहिल्याचे जन्मवर्ष ४७६ असल्याचे दाखवून दिले. पुढे १८७४ मध्ये हेंड्रिक केर्न यांनी हॉलंडमधील लायडन येथे परमेश्वराच्या टीकेसह हा ग्रंथ छापून प्रसिद्ध केला. शंकर बाळकृष्ण दीक्षित यांचा भारतीय ज्योतिषशास्त्राचा इतिहास १८९६ मध्ये निघाला, तेव्हा मराठी वाचकांनाही आर्यभटाचा विस्तृत परिचय आपल्या भाषेत वाचावयास मिळाला.